२,९०५ मतदार, ६,३०७ मतं : कॅन्ससची ती निवडणूक

निवृत्त_केंद्राध्यक्ष

मंडळी, गेले दोन महिने लेकीकडे ओव्हरलंड पार्कला आहे. गाव कॅन्सस राज्यात. घरापासून थोड्या अंतरावर स्टेट लाईन रोड नावाचा रस्ता आहे. एका कडेला कॅन्सस, दुसऱ्या कडेला मिसूरी, मधे पिवळा पट्टा. जावई पेट्रोल स्वस्त असेल त्या बाजूला गाडी वळवतो, एवढंच काय ते सीमेचं महत्त्व. पण एकोणिसाव्या शतकात हाच पट्टा ओलांडून हजारो माणसं एका दिवसात मतदान करून परत गेली आणि त्यातून पुढे अमेरिकेची फाळणी व्हायची वेळ आली. आज त्याबद्दल लिहितोय.

आधी माझं कुळ सांगतो, म्हणजे मी का अडकलो ते कळेल. जिल्हा परिषदेच्या शाळेत ३४ वर्षं मास्तरकी केली आणि अकरा निवडणुकांत मतदान केंद्राध्यक्ष होतो. ज्यांनी हे काम केलंय त्यांना ठाऊक आहे. रात्री साहित्य जमा करताना १७ सी वरचा (म्हणजे मतांच्या हिशेबाच्या फॉर्मवरचा) आकडा आणि यंत्रावरचा आकडा एका मताने जरी चुकला तरी टेबलापलीकडचा माणूस तुम्हाला घरी सोडत नाही. एकदा फक्त एका मतासाठी पहाटे साडेतीनपर्यंत तालुक्याच्या गोदामात बसलोय, चहासुद्धा मिळाला नव्हता.

तर मागच्या शनिवारी लेकॉम्प्टनला गेलो. इथून तासाभरावर, कॅन्सस नदीच्या काठचं एवढंसं गाव. एकेकाळी इथली राजधानी होती म्हणे. तिथे १८५६ साली बांधलेली लाकडी दुमजली इमारत उभी आहे, कॉन्स्टिट्यूशन हॉल. माहिती देणाऱ्या बाई उत्साही होत्या. बोलता बोलता म्हणाल्या, ३० मार्च १८५५ ला इथल्या पहिल्या विधिमंडळाची निवडणूक झाली, मतदार होते २,९०५ आणि मतं पडली ६,३०७. मी म्हटलं, बाई, जरा थांबा, पुन्हा सांगा.

मागची हकीकत थोडक्यात. १८०३ मध्ये अमेरिकेने फ्रान्सकडून मिसिसिपीच्या पश्चिमेचा प्रचंड मुलूख दीड कोटी डॉलरना विकत घेतला. त्या मुलखातून नवी राज्यं पाडायची वेळ आली तेव्हा प्रश्न उभा राहिला, की इथे गुलाम ठेवायचे की नाही. १८१९ मध्ये गुलामीवाली ११ आणि बिनगुलामीची ११ राज्यं होती. सेनेटमध्ये प्रत्येक राज्याचे दोन सदस्य, म्हणजे तराजू बरोब्बर मध्यावर. मिसूरी आलं की काटा हलणार. शेवटी १८२० मध्ये तोड निघाली. मिसूरी गुलामीसह घ्यायचं, जोडीला मेन बिनगुलामीचं घ्यायचं आणि उरलेल्या मुलखात ३६ अंश ३० मिनिटांच्या अक्षांशावर रेघ मारायची. रेघेच्या वर गुलामी नाही. म्हातारा जेफरसन तेव्हा घरी बसला होता, त्याने एका पत्रात लिहिलं की हा प्रश्न मला रात्रीच्या आगीच्या घंटेसारखा दचकवून गेला. (स्वतः शेकडो गुलामांचा मालक, तरी लिहिलं.)

ही रेघ चौतीस वर्षं टिकली. ती मोडली ती एका रेल्वेपायी. इलिनॉयचा सेनेटर स्टीफन डग्लस याला पॅसिफिककडे जाणारा लोहमार्ग शिकागोतून न्यायचा होता. त्यासाठी मधला मुलूख सरकारी घडीत बसवायला हवा होता आणि तो होता रेघेच्या वर. गुलामीवाल्या दक्षिणेचे सेनेटर म्हणाले, रेघ पुसा, मग मतं देतो. डग्लसने पुसली. ३० मे १८५४ ला कायदा झाला. मुलखाचे दोन भाग केले, कॅन्सस आणि नेब्रास्का. आणि गुलामी ठेवायची की नाही हे तिथले लोकच ठरवतील असं लिहून टाकलं.

ऐकायला किती छान. लोकांनाच ठरवू द्या. पण लोक म्हणजे कोण? कायद्यात होतं, एकवीस वर्षांवरचा गोरा पुरुष आणि प्रदेशाचा ‘खराखुरा रहिवासी’. किती दिवस राहिलेला? ते लिहिलंच नव्हतं. मतदार यादीचं काम केलेल्या कुणालाही विचारा, सगळी मेख त्याच कलमात असते.

शेजारच्या पश्चिम मिसूरीत ताग आणि तंबाखूच्या शेतीवर गुलाम राबत होते. कॅन्सस बिनगुलामीचं झालं तर मिसूरी तीन बाजूंनी वेढलं जाणार आणि गुलाम पळून जाणार ही धास्ती. तिथला सेनेटर डेव्हिड ॲचिसन सगळ्यात पुढे होता. उलट न्यू इंग्लंडमध्ये कंपनी निघाली, बिनगुलामीवाल्यांना कॅन्ससला वसवायला मदत करणारी. लॉरेन्स हे गाव त्यांनीच वसवलं.

मग ती निवडणूक. एकट्या लॉरेन्सच्या केंद्रावर मिसूरीतून हजाराच्या आसपास माणसं आली. तंबू, घोडे, बंदुका आणि दोन तोफा. (आमच्याकडे ट्रॅक्टर भरून येतात, तोफ मात्र मी कधी पाहिली नाही.) त्यांचं म्हणणं साधं होतं. आज या क्षणी मी इथे उभा आहे, म्हणजे मी इथला रहिवासी. केंद्रावरच्या पंचांनी शपथ घ्यायला सांगितली तर पंचांनाच दम. पुढे काँग्रेसच्या समितीने एकेक यादी तपासली आणि ६,३०७ पैकी ४,९०८ मतं बेकायदा ठरवली.

आणि तरीही विधिमंडळ बसलं! गव्हर्नर रीडरने थोड्या जागांची निवडणूक पुन्हा घेतली, पण विधिमंडळाने त्या नव्यांना बाहेर काढलं. कायदे काय केले? पळणाऱ्या गुलामाला मदत केली तर फाशीपर्यंत शिक्षा. ‘या प्रदेशात गुलाम ठेवायचा हक्क नाही’ असं नुसतं बोललात किंवा छापलंत तरी तुरुंग.

माझं म्हणणं एवढंच. कॅन्ससमधली मारामारी लोकांना मत दिल्याने झाली नाही. मतदार कोण हे न ठरवता मत दिल्याने झाली, आणि ते मुद्दामच न ठरवता सोडलं होतं असं माझं मत आहे. ज्यांचा प्रश्न होता त्या गुलामांना तर विचारायचा विषयच नव्हता. तुम्हाला काय वाटतं?

---

पैलतीर

गुरुजी, वाचनखूण साठवली. पुढील भागाच्या प्रतीक्षेत.

---

मिरचीकांडप

लेख आवडला, पण मूळ मुद्दा कळला नाही. कॅन्ससमध्ये कापूस पिकतो का? गुलाम ठेवून तिथे करणार काय होते? दक्षिणेचा एवढा अट्टाहास कशासाठी?

---

शून्य_अंश

@मिरचीकांडप, अगदी योग्य प्रश्न. आणि गंमत बघा, १८६० च्या शिरगणतीत अख्ख्या कॅन्सस प्रदेशात गुलाम किती सापडले? दोन. नेब्रास्कात पंधरा. सहा वर्षं मुडदे पाडून मिळवलं काय, तर दोन.

पण भांडण त्या दोघांचं नव्हतंच. माझ्या मते तीन गोष्टी होत्या.

सेनेट. खालच्या सभागृहात लोकसंख्येवर जागा, तिथे उत्तर कधीच पुढे निघून गेली होती. तीसुद्धा गुलामांची लोकसंख्या तीन पंचमांश धरून दक्षिणेला जादा जागा मिळत असताना. उरलं सेनेट. १८५० मध्ये पंधरा-पंधरा होती, कॅलिफोर्निया बिनगुलामीचं आलं आणि सोळा-पंधरा झाली. पुढे मिनेसोटा, ओरेगन रांगेत. नवा मुलूख मिळाला नाही तर दक्षिण कायमची अल्पमतात.

दुसरं म्हणजे बाजार, आणि हे फार कमी लोक बोलतात. व्हर्जिनियाची तंबाखूची जमीन दमलेली होती. तिथल्या मालकांचा मोठा धंदा झाला होता माणसं विकायचा, खाली मिसिसिपी-लुईझियानाला. १७९० मध्ये सात लाखांच्या आसपास गुलाम होते, १८६० मध्ये साधारण ३९ लाख ५० हजार. बाहेरून आयात १८०८ पासून कायद्याने बंद, म्हणजे ही वाढ बहुतेक सगळी इथेच जन्मलेल्यांची. नवी जमीन खुली होत राहिली तरच या ‘मालाचा’ भाव टिकणार. पश्चिमेला एकही गुलाम गेला नाही तरी तिथला दरवाजा उघडा आहे, एवढ्यावर घरच्या गुलामाची किंमत ठरत होती.

आणि भीती. एकाच जागी कोंडलेल्या गुलामांची संख्या वाढत गेली तर उठाव होईल, म्हणून ती ‘पसरवायला’ हवीत असा युक्तिवाद होता. जेफरसननेही केला होता. गुरुजी, तुमच्या त्या आगीच्या घंटेच्या पत्रातच पुढे आहे, लांडग्याला कानाला धरलंय, धरून ठेवताही येत नाही आणि सोडताही येत नाही.

---

मिरचीकांडप

बाप रे. भावाचा मुद्दा डोक्यातच आला नव्हता. बिनशेती होणार अशी नुसती आवई उठली की आमच्याकडे जमिनीचा भाव जसा चढतो तसं.

---

शून्य_अंश

उपमा चपखल आहे, फक्त इथे जमिनीच्या जागी माणूस ठेवा.

---

स्पष्टवक्ता_००७

सगळे एकाच सुरात बोलताय म्हणून विरोधी बाजू मांडतो. अमेरिकेतलं १८६१ चं यादवी युद्ध गुलामीवरून नव्हे, राज्यांच्या हक्कांवरून झालं असं म्हणणारे अभ्यासक आहेत. केंद्राने राज्यांवर दादागिरी करू नये हा दक्षिणेचा मुद्दा होता. आपल्याकडेही केंद्र-राज्य वाद आहेतच, सध्याचंच घ्या ना...

[पुढचा मजकूर अवांतर असल्याने काढला आहे. धागा एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेबद्दल आहे, कृपया तिथेच राहू. – संपादक]

---

मनस्वी_सात

@स्पष्टवक्ता, असहमत. दक्षिणेला केंद्राची दादागिरी चालत नव्हती असं नाही. ती हवी तेव्हा हवी होती.

१८५० चा पळालेल्या गुलामांचा कायदा बघा. गुलाम बॉस्टनला पळाला तर केंद्र सरकारने पकडून परत पाठवायचा. ज्यूरी नाही, गुलामाची साक्ष नाही. आणि निकाल देणाऱ्या आयुक्ताची फी? गुलाम मालकाला परत दिला तर १० डॉलर, सोडून दिला तर ५. समर्थक म्हणायचे, परत देताना कागदपत्रं जास्त लागतात. १८५४ मध्ये, कॅन्ससचा कायदा होत होता त्याच आठवड्यात, अँथनी बर्न्स नावाच्या माणसाला बॉस्टनच्या रस्त्यांवरून सैन्याच्या पहाऱ्यात बंदराकडे नेलं. मॅसॅच्युसेट्सच्या हक्कांचं काय झालं तेव्हा?

मग १८५७ चा ड्रेड स्कॉट खटला. स्कॉट मालकाबरोबर बिनगुलामीच्या मुलखात राहून आला होता, म्हणून म्हणाला मी मुक्त. सरन्यायाधीश टॉनी यांच्या न्यायालयाने सात विरुद्ध दोन असा निकाल दिला. टॉनीच्या मते काळा माणूस अमेरिकेचा नागरिक असूच शकत नाही, आणि काँग्रेसला प्रदेशांत गुलामी बंद करायचा अधिकारच नाही. म्हणजे १८२० ची रेघ मुळातच बेकायदा!

१८६० मध्ये चार्ल्स्टनला डेमोक्रॅटिक पक्ष फुटला तो कशावरून? दक्षिणेची मागणी होती की प्रदेशांत गुलामीचं रक्षण केंद्राने कायदा करून करावं. राज्यांच्या हक्कांच्या लढवय्यांची ही मागणी. दक्षिण कॅरोलायनाने फुटून जाताना जो जाहीरनामा काढला, त्यात तक्रार आहे की उत्तरेची राज्यं आपापले कायदे करून पळालेल्या गुलामांना परत देत नाहीत. म्हणजे दुसऱ्या राज्यांनी हक्क वापरले हीच तक्रार.

---

स्पष्टवक्ता_००७

फीचं माहीत नव्हतं. वाचतो आणखी.

---

काळी_कसदार

मी वऱ्हाडातला, घरी चार पिढ्यांचा कापूस. म्हणून लिहितो.

लेकॉम्प्टनला लिहिलेल्या कॅन्ससच्या राज्यघटनेच्या भानगडीवर वॉशिंग्टनला चर्चा चालू असताना, मार्च १८५८ मध्ये, दक्षिण कॅरोलायनाचा सेनेटर हॅमंड उठून म्हणाला की कापसाशी लढायची जगात कोणाची छाती नाही, कापूस राजा आहे. आम्ही तीन वर्षं कापूस दिला नाही तर इंग्लंड कोसळेल असा त्याचा हिशेब. कॅन्ससच्या प्रश्नावर ही मिजास कुठून आली ते इथे कळते. अमेरिकेच्या निर्यातीत निम्म्याहून जास्त किंमत एकट्या कापसाची होती.

मग लढाई पेटली, दक्षिणेची बंदरं उत्तरेच्या आरमाराने अडवली, अन् लँकेशायरच्या गिरण्यांनी तोंड फिरवलं कुणीकडे? इजिप्तकडे अन् आमच्याकडे. वऱ्हाड १८५३ पासून इंग्रजांच्या ताब्यात होतंच. खामगाव, खानदेश, गुजरात, सगळीकडून गाठी मुंबईले. मुंबईत पैशाचा पूर आला, प्रेमचंद रायचंद अन् बॅक बेच्या शेअरचा जुगार तेव्हाचाच. १८६५ मध्ये तिकडे दक्षिणेचा सेनापती ली शरण आला, इकडे भाव आपटला, बँका बुडाल्या. आमचे आजोबा त्यांच्या आजोबांचं सांगायचे, की तेव्हा लोकायनं बैलाच्या शिंगाले चांदी मढवली होती, अन् मग तीच चांदी सावकाराकडे गेली. खरं-खोटं देव जाणे, पण आमच्या घरात हे असंच सांगतात.

राजा कापूसच होता, हॅमंड एवढं बरोबर बोलला. फक्त तो फक्त त्याच्याच वावरात पिकत नव्हता.

---

निवृत्त_केंद्राध्यक्ष

काळी_कसदार, शेवटच्या वाक्याला दंडवत.

लेकॉम्प्टनचा उल्लेख आलाच आहे तर तो भाग मी लेखात लांबण लागेल म्हणून गाळला होता, तो सांगतो. १८५७ च्या शरद ऋतूत त्याच हॉलमध्ये गुलामीवाल्यांनी राज्यघटना लिहिली. ती लोकांपुढे ठेवताना मतपत्रिका अशी काढली की दोनच पर्याय, ‘गुलामीसह घटना’ किंवा ‘गुलामीविना घटना’. घटनाच नको म्हणायची सोय नाही. आणि ‘गुलामीविना’ निवडलं तरी आधी आणलेले गुलाम तसेच राहणार. बिनगुलामीवाले घरी बसले. ६,२२६ विरुद्ध ५६९. पुढे त्यातली २,७२० मतं बोगस निघाली. दोनच आठवड्यांनी, ४ जानेवारी १८५८ ला, दुसऱ्या बाजूच्या विधिमंडळाने पूर्ण घटनेवर मत घेतलं, तेव्हा विरोधात १०,२२६ आणि बाजूने १६२. एकाच प्रदेशातले हे दोन निकाल आहेत बरं का.

डग्लसचं एक मात्र मानलं पाहिजे. ही घटना स्वतःच्याच पक्षाचा राष्ट्राध्यक्ष ब्यूकॅनन रेटत असताना तो उघड विरोधात गेला. लोकांनी ठरवावं म्हणालो होतो, हे लोकांनी ठरवलेलं नाही, म्हणाला.

आता माझा आवडता भाग. जानेवारीतल्याच दुसऱ्या एका निवडणुकीचे निकालाचे कागद गायब झाले. सर्व्हेअर जनरल कॅल्हूनच्या कचेरीतल्या कारकुनाने शपथेवर सांगितलं की कागद साहेबांकडे मिसूरीला पाठवले. मग शेरीफला कुणीतरी खबर दिली. कचेरीमागे सरपणाचा ढीग होता. लाकडं बाजूला केली, खाली उकरलं, तर मेणबत्त्यांचा रिकामा खोका आणि त्यात निकालाच्या याद्या. मला तो कारकून दिसतो हो. रात्री, जानेवारीची इथली थंडी, कंदील, हातात खोका. असा घाबरलेला चेहरा मी एकदा पाहिला आहे, जास्त बोलत नाही.

---

आजीची_गोधडी

गुरुजी, तुम्ही बिनगुलामीवाल्यांना फार सोवळे दाखवताय का? बिनगुलामीवाले म्हणजे काळ्यांचे कैवारी असा समज होतोय. तसं नव्हतं. १८४६ मध्ये मेक्सिकोकडून मिळणाऱ्या मुलखात गुलामी नको असा ठराव पेनसिल्व्हेनियाच्या डेव्हिड विल्मटने मांडला, आणि तो स्पष्ट सांगत होता की माझी काळजी गोऱ्या कष्टकऱ्याची आहे. गुलामाशी स्पर्धा नको, गुलामाच्या शेजारी राबायची नामुष्की नको. कॅन्ससमध्येच बिनगुलामीवाल्यांनी १८५५ च्या शेवटी टोपेका घटना केली, तेव्हा मुक्त काळ्यांना राज्यात येऊच द्यायचं नाही हा प्रश्नही मतदानाला ठेवला, आणि तो मोठ्या फरकाने मंजूर झाला. ओरेगनने तर थेट घटनेतच घातलं.

म्हणजे बऱ्याच जणांचं म्हणणं ‘गुलामी वाईट’ एवढंच नव्हतं, ‘हे लोकच इथे नकोत’ हेही होतं.

---

निवृत्त_केंद्राध्यक्ष

ताई, कान पकडला. सोवळे दाखवायचं मनात नव्हतं, पण लेखात ते आलं नाही हे खरं. टोपेकाच्या मतदानाचं मला माहीत होतं आणि तरी सुटलं, की सोडलं, कोण जाणे.

---

ज्योतिबाचा_विद्यार्थी

आजीची_गोधडी यांच्याशी सहमत, पण एक जोड. याच लढ्याच्या शेवटाकडे बघून पुण्यात एका माणसाला काय वाटलं? जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ छापलं, ते अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केलं, निग्रो गुलामांना दास्यातून मुक्त करण्याच्या कामात त्यांनी दाखवलेल्या निरपेक्ष वृत्तीबद्दल. आपले देशबांधव शूद्रांना ब्राह्मणांच्या दास्यातून सोडवताना हा कित्ता गिरवतील अशी आशाही तिथेच लिहिली.

टोपेकाच्या मतदारात निरपेक्षता कमी होती हे मान्य. पण त्या चळवळीत फ्रेडरिक डग्लससारखे, स्वतः गुलामीतून पळालेले लोकही होते. जोतीरावांनी कशाकडे बघायचं ते निवडलं. मला ती निवड भाबडी वाटत नाही, कामाची वाटते.

---

अभ्यासू_खविस

गुलामीविरुद्ध शस्त्र उचलणाऱ्या आणि पुढे १८५९ मध्ये फाशी गेलेल्या जॉन ब्राऊनवर कुणीच बोलत नाहीये? १८५६ चा मे महिना घ्या. २१ तारखेला गुलामीवाल्यांनी लॉरेन्स लुटलं, फ्री स्टेट हॉटेल तोफा लावून जाळलं. २२ ला वॉशिंग्टनमध्ये, कॅन्ससवर जहाल भाषण केलं म्हणून सेनेटर समनरला सभागृहातच, बाकावर बसलेला असताना, ब्रूक्स नावाच्या सदस्याने काठी तुटेपर्यंत झोडपलं. समनर तीन वर्षांहून जास्त काळ धड कामाला येऊ शकला नाही. ब्रूक्सला ३०० डॉलर दंड झाला, त्याने राजीनामा दिला आणि लोकांनी त्यालाच पुन्हा निवडून दिलं. चाहत्यांनी नव्या काठ्या पाठवल्या! आणि २४ च्या रात्री ब्राऊनने पोटावाटोमी ओढ्याकाठी पाच जणांना घरातून ओढून तलवारींनी कापलं.

चार दिवसांत तीन. ब्राऊन हुतात्मा की खुनी? मला अजून ठरवता येत नाही.

---

निवृत्त_केंद्राध्यक्ष

खविसराव, टोपेकाच्या विधानभवनात भिंतीवर त्याचं प्रचंड चित्र आहे. जॉन स्टुअर्ट करीने काढलेलं. हात पसरलेले, एका हातात बायबल, दुसऱ्यात बंदूक, मागे वावटळ आणि पेटलेलं गवत. शाळेची पोरं त्याच्यासमोर उभी राहून फोटो काढत होती.

मला मात्र महाला डॉयल आठवते. त्या रात्री तिचा नवरा आणि दोन मुलगे नेले. तिसऱ्या, सोळा वर्षांच्या पोरासाठी ती रडली म्हणून त्याला सोडलं. आमच्याकडे कधी गुलाम नव्हते, असं तिने तीन वर्षांनी ब्राऊनला फाशीच्या कोठडीत पत्र लिहून कळवलं. आता तुला माझ्या दुःखाची कल्पना येईल, अशा अर्थाचं. गुलामी किती वाईट होती याने त्यात काही फरक पडत नाही, आणि या पत्राने गुलामीत फरक पडत नाही. दोन्ही मनात ठेवून मी त्या चित्रासमोरून निघालो.

---

रानवाट

सगळी चर्चा वाचली. एक प्रश्न, ही जमीन मुळात होती कोणाची?

शॉनी, डेलावेअर, किकापू या मूळनिवासी जमातींच्या लोकांना पूर्वेतून हाकलून इथे आणलं होतं, आता हे कायमचं तुमचं म्हणून. १८५४ मध्ये, त्याच वर्षी, करार करकरून ती परत काढून घेतली. कॉ, ओसेज तर आधीपासूनचे. कायद्यात ‘लोक’ म्हणजे कोण हे गुरुजींनी विचारलं, तर ही पण यादी धरा.

आणि गुरुजी, तुम्ही राहता तो जॉन्सन काऊंटी. नाव ज्याच्यावरून पडलं तो थॉमस जॉन्सन मिशनरी होता, शॉनी मुलांसाठी शाळा चालवायचा आणि स्वतः गुलाम बाळगायचा. १८५५ चं बोगस विधिमंडळ बसलं ते त्याच्याच मिशनच्या इमारतीत. फाशीचे कायदे शाळेत झाले.

---

निवृत्त_केंद्राध्यक्ष

अरे देवा. शॉनी मिशन लेकीच्या घराजवळच आहे, रोज त्या नावाच्या पाट्या वाचतो. शाळेत झाले हे वाचून मास्तर म्हणून फार लागलं.

---

मिरचीकांडप

मग लिंकन कुठे येतो या सगळ्यात? तो गुलामी बंद करायला निघाला म्हणून युद्ध झालं असं शाळेत शिकलो होतो.

---

मनस्वी_सात

नाही ना. १८६० मध्ये निवडून आला तेव्हा लिंकनचं म्हणणं होतं, जिथे गुलामी आहे तिथे मी हात लावणार नाही, नव्या प्रदेशात मात्र पाऊल टाकू देणार नाही. बस, एवढंच. आणि एवढ्यावर राज्यं फुटली. तडजोड म्हणून सेनेटर क्रिटेंडनने जुनी ३६-३० ची रेघ थेट पॅसिफिकपर्यंत न्यायचा प्रस्ताव आणला, तर लिंकनने आपल्या माणसांना पत्रं धाडली, विस्ताराच्या मुद्द्यावर तडजोड नको. बाकी कशावरही वाकायची तयारी होती, पळालेल्या गुलामांच्या कायद्यावरसुद्धा. दोन्ही बाजूंना कळत होतं की गुलामी वाढायची थांबली की ती मरायला लागेल. तुमचा वरचा भावाचा मुद्दा, मिरचीकांडप.

दक्षिणेचे सदस्य सभागृह सोडून गेले आणि मग २९ जानेवारी १८६१ ला कॅन्सस बिनगुलामीचं राज्य म्हणून आत आलं.

---

पैलतीर

गुरुजी, नवीन काही?

---

निवृत्त_केंद्राध्यक्ष

आहे. रानवाट यांच्या प्रतिसादानंतर जॉन्सन काऊंटीचं जरा खोदलं. ऑक्टोबर १८५७ ची निवडणूक. याच काऊंटीत, मिसूरीच्या हद्दीला चिकटून ऑक्सफर्ड नावाची वस्ती होती. घरं सहा. तिथून मतं आली १,६२८. याद्या तपासल्या तर नावं ओहायोतल्या सिनसिनाटी शहराच्या डिरेक्टरीतून ओळीने उतरवलेली. गव्हर्नर वॉकरने ती सगळी मतं रद्द केली आणि विधिमंडळ पहिल्यांदा बिनगुलामीवाल्यांकडे गेलं.

काल संध्याकाळी जावयाला घेऊन ऑक्सफर्ड शोधायला गेलो. स्टेट लाईन रोडने खाली खाली. काही नाही. कापलेलं गवत, टुमदार बंगले, एक बाई कुत्रा फिरवत होती. तिला विचारलं, ती म्हणाली ऑक्सफर्ड इंग्लंडमध्ये आहे. जावई म्हणाला, बाबा, सहा घरं दीडशे वर्षांत राहतात होय? मी म्हटलं, घरांचं जाऊ दे, एवढी नावं उतरवायला त्या माणसाला किती रात्री लागल्या असतील, आणि नावं खरी वाटावीत म्हणून मधूनमधून क्रम बदलायचं त्याला एकदाही कसं सुचलं नाही.

येताना पलीकडून पेट्रोल भरलं.